चुंबक, तार आणि माठाचं पाणी : धातूंमधला रचनाबदल घरच्या घरी कसा पाहावा

नागपूरच्या इतवारी बाजारात स्टीलचा डबा घेताना एक दृश्य हमखास दिसतं. गिऱ्हाईक पिशवीतून चुंबक काढतं, डब्याच्या काठाला लावतं आणि ते जरासं जरी ओढलं गेलं तरी डबा परत करतं. "चुंबक लागते ना भाऊ, असली स्टील नाही हे." दुकानदार वाद घालत नाही, दुसरा डबा काढून देतो. मला दर वेळी वाटतं, यांना थांबवावं आणि तेच चुंबक डब्याच्या तळाला लावून बघायला सांगावं. अनेकदा तळाला ते लागतच नाही. पत्रा एकच, धातू एकच. मग काठाला लागतं आणि तळाला का नाही?

त्याचं उत्तर म्हणजे या लेखाचा विषय. डबा दाबून घडवताना ज्या जागी पत्रा जास्त ताणला गेला, तिथे अणूंची मांडणीच बदलली. धातू वितळला नाही, त्यात काही मिसळलं नाही, तरी तिथे तो दुसऱ्या रचनेचा झाला. घन अवस्थेतच होणाऱ्या या बदलाला संरचनात्मक प्रावस्था-संक्रमण म्हणतात. बोलताना सगळे 'फेज बदल' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुलं, पॉलिटेक्निकची मुलं, शाळेत विज्ञान शिकवणारे, आणि ज्यांना धातूंबद्दल नुसतंच कुतूहल आहे, अशांसाठी हे लिहितोय. सामान थोडं लागतं: एक ताकदवान चुंबक, शिवणकामाच्या चारदोन सुया, पक्कड, काचेचा थर्मामीटर, एक वही आणि निकेल-टायटॅनियमची वीतभर तार. नागपुरात राहत असाल तर एक फायदा आयताच मिळतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कधी कधी १० च्या खाली उतरतो. ज्या तारेबद्दल पुढे सांगणार आहे तिचा फेज बदल बरोबर याच टप्प्यात घडवून आणता येतो, म्हणून इथलं हवामान हेच अर्धं उपकरण आहे.

आधी एक फरक पक्का करा

उन्हाळ्यात गॅलियमचा खडा टेबलावर ठेवला तर तो वितळतो, कारण त्याचा वितळणबिंदू २९.७६ अंश सेल्सिअस आहे. फार सुंदर दिसतं, पण ते आपलं काम नाही. तिथे अणूंची मांडणी मोडून पडते. आपल्याला अशी उदाहरणं हवीत जिथे धातू घनच राहतो आणि एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत जातो. (गॅलियम आणलंच असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांपासून लांब ठेवा. ते अ‍ॅल्युमिनियमच्या कणाकणांच्या सीमांमध्ये शिरतं आणि भांडं बोटाने तुटेल इतकं कच्चं करतं.)

लोखंड हे पहिलं उदाहरण. खोलीच्या तापमानाला त्याचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे बसलेले असतात. ९१२ अंशांना ही मांडणी बदलते: आता अणू कोपऱ्यांवर आणि घनाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर. १३९४ अंशांना लोखंड पुन्हा पहिल्या मांडणीत येतं आणि १५३८ ला वितळतं. या रूपांना अल्फा, गॅमा आणि डेल्टा म्हणतात. मधला बीटा कुठे गेला, हा प्रश्न वर्गात क्वचित कुणी विचारतो, आणि तो विचारायलाच हवा. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांना जातं. तेव्हा काहीतरी वेगळं रूप तयार होत असणार, असं पूर्वी मानलं गेलं आणि त्याला बीटा म्हणत. क्ष-किरणांनी आतली मांडणी पाहता येऊ लागली तेव्हा कळलं की ७७० ला मांडणी बदलतच नाही, फक्त चुंबकत्व जातं. बीटा हे नाव गळालं, बाकीची तशीच राहिली. यातून नवख्याने एकच गोष्ट उचलावी: गुणधर्म बदलला म्हणजे रचना बदलली, असं लगेच धरू नका. रचना बदलली का, हे वेगळं तपासावं लागतं.

फेज बदल दोन तऱ्हांनी होतात. एका तऱ्हेत अणू एकेकटे जागा सोडून भटकतात आणि नवीन जागी बसतात, जत्रेत माणसं सरकतात तसे. याला वेळ लागतो. दुसऱ्या तऱ्हेत कुणीच आपला शेजारी सोडत नाही. लेझमीची रांग एका ठेक्यावर तिरकी होते तशी अख्खी रांग एकदम कलते. प्रत्येक अणू शेजाऱ्याच्या अंतरापेक्षाही कमी सरकतो, पण सगळे मिळून सरकतात. या दुसऱ्या तऱ्हेला मार्टेनसाइटी बदल म्हणतात. नाव जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून आलं. तापलेल्या रूपाचं 'ऑस्टेनाइट' हे नाव ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट्स-ऑस्टेन यांच्यावरून. पुढे ही दोन नावं सारखी येतील.

पायरी १ : स्वयंपाकघर

फ्रिजवर लावायचं चुंबक इथे कमी पडतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात निओडिमियमची छोटी चकती मिळते, ती घ्या. तिला वीतभर दोरा बांधून लंबकासारखी लटकवा. अशी लटकती चकती फार हलकी ओढही दाखवते, हातात धरलेल्या चुंबकाला ती कळत नाही.

आता घरातले डबे, पेले, वाट्या आणि गंज (आपल्याकडचा गंज, म्हणजे पातेलं) घ्या. चकती आधी तळाच्या मधोमध न्या, मग हळूहळू कोपऱ्याच्या वळणाकडे, मग काठाकडे. प्रत्येक जागी दोरा किती तिरपा होतो ते वहीत लिहा. काही भांडी सगळीकडे सारखीच ओढतील. ती बिननिकेलच्या क्रोमियम स्टीलची असतात किंवा इंडक्शन शेगडीसाठी मुद्दाम चुंबकीय तळ लावलेली असतात. ती बाजूला काढा. काही कुठेच ओढणार नाहीत, तीही बाजूला. ज्यांचा तळ न ओढणारा आणि काठ-कोपरा ओढणारा, ती आपली.

या भांड्यांचं स्टील ऑस्टेनाइट जातीचं असतं, म्हणजे लोखंडाचं ते तापलेलं गॅमा रूप क्रोमियम आणि निकेल घालून खोलीच्या तापमानाला टिकवलेलं. ऑस्टेनाइट चुंबकाला दाद देत नाही. पण ते पूर्ण स्थिर नसतं. साच्यात दाबून पत्र्याला खोल आकार देताना जो ताण पडतो, त्याने काही भाग कलून मार्टेनसाइट होतो आणि मार्टेनसाइट चुंबकीय असतं. काठाला चुंबक लागतं ते यामुळे. तेव्हा डबा खोटा नाही, तो जास्त ताणला गेलाय एवढंच.

खात्री करून घ्यायची असेल तर अशाच एखाद्या मोडक्या भांड्याच्या तळाची बोटभर पट्टी कापून घ्या. चकती तिला ओढत नाही हे आधी पाहा. मग ती एकाच जागी दहा-पंधरा वेळा मागे-पुढे वाकवा आणि त्या वळणाशी चकती न्या. त्यानंतर पट्टी पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत वळणाचा भाग मिनिटभर लालबुंद ठेवा, गार होऊ द्या, पुन्हा चकती. ओढ कमी झालेली दिसेल, कारण उष्णतेने मार्टेनसाइट परत ऑस्टेनाइट झालं. जाणं आणि परत येणं, दोन्ही तुम्ही वीस मिनिटांत पाहिलंत.

पायरी २ : सुईला पाणी देणं

विळ्याला, कुऱ्हाडीला लोहार पाणी देतो हे आपल्याला माहीत असतं. ते पाणी देणं म्हणजे काय, हे तीन सुयांवर समजतं. सुई जास्त कार्बनच्या पोलादाची असते. डोळ्यांवर चष्मा हवा, साधा का होईना.

पहिली सुई पकडीत धरून ज्योतीत नारिंगी होईपर्यंत तापवा आणि झटकन पाण्यात टाका. फडक्यात गुंडाळून वाकवायचा प्रयत्न करा: काडीसारखी तुटते. दुसरी तशीच तापवा, पण ज्योतीतून इंचाइंचाने वर घेत मिनिटभरात गार करा. ती तारेसारखी वाकते आणि वाकलेलीच राहते. तिसरी पहिल्यासारखी पाण्यात टाका, मग बारीक सँडपेपरने हलकेच चमकवा आणि ज्योतीच्या वर, लांबूनच, तिच्यावर निळा रंग चढेपर्यंत गरम करा. ही स्प्रिंगसारखी वागते.

७२७ अंशांच्या वर पोलादाचं गॅमा रूप तयार होऊ लागतं आणि ते कार्बन सहज सामावून घेतं. अल्फा रूपात कार्बनला जागा जवळपास नसतेच. हळू गार केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो. पाण्यात टाकलं तर तो अडकतो आणि मांडणी एका दिशेने ताणलेली, ताठर अशी बनते. तेच मार्टेनसाइट. लोहाराचा डोळा तापमान रंगावरून ओळखतो, आणि एखाद्या चांगल्या लोहाराजवळ अर्धा तास उभं राहायला मिळालं तर ते जरूर करा. तो पाण्यात किती क्षण धरतो आणि कधी बाहेर काढतो, यात हा सगळा शास्त्रार्थ आलेला असतो.

एक मर्यादा लक्षात ठेवा. पोलादाचं मार्टेनसाइट तापवलं की त्यातून कार्बन निघून जातो, त्यामुळे त्याच वाटेने परत जाता येत नाही. ज्याला परत जाता येतं, असा धातू पुढच्या पायरीत आहे आणि माझ्या मते नवख्याने सर्वांत जास्त वेळ तिथेच घालवावा.

पायरी ३ : आठवण असलेली तार

१९५९ मध्ये अमेरिकेच्या नौदलाच्या आयुध प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूवर काम करत होते. निकेलचं 'नि', टायटॅनियमचं 'टि' आणि प्रयोगशाळेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं (एन, ओ, एल) मिळून 'निटिनॉल' हे नाव झालं. पुढे १९६१ मध्ये एका बैठकीत या धातूची अनेक घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती, तेव्हा उपस्थितांपैकी डेव्हिड मझी यांनी तिच्याखाली पाइप पेटवायचा लायटर धरला. पट्टी सरळ झाली.

तापलेल्या निटिनॉलमध्ये घनाच्या कोपऱ्यांवर एका धातूचे अणू आणि मधोमध दुसऱ्याचा अणू असतो. गार झालं की हा घन कलतो आणि त्याचा एक कोन ९० वरून ९७ अंशांच्या आसपास जातो. हे कलणं बारा वेगवेगळ्या दिशांनी होऊ शकतं. नुसतं गार केलं तर शेजारचे भाग एकमेकांच्या उलट दिशांना कलून परस्परांना सांभाळून घेतात, म्हणून तारेचा बाहेरचा आकार बदलत नाही. गार तार वाकवली की तुम्ही अणूंचे बंध तोडत नाही. एका दिशेने कललेल्या भागांना दुसऱ्या दिशेला कलायला लावता. तापवल्यावर मात्र सगळ्यांसाठी घन एकच असतो, त्यामुळे सगळे तिथेच परततात आणि तार सरळ होते. 'आठवण' म्हणतात ती एवढीच.

खरेदी करताना पाकिटावर 'एएफ' हे तापमान बघा. त्या तापमानाला परतीचा प्रवास पूर्ण होतो. नागपूरसाठी ४० ते ५० च्या दरम्यानची तार घ्या. 'सुपरइलॅस्टिक' लिहिलेली तार सुरुवातीला घेऊ नका. ती खोलीच्या तापमानालाच ऑस्टेनाइट असते, वाकवून सोडली की लगेच सरळ होते आणि बदल डोळ्यांपुढून निसटतो. ऑनलाइन मागवायची नसेल तर दंतवैद्यकाचं सामान विकणाऱ्या दुकानात दात सरळ करण्याची निकेल-टायटॅनियमची उष्णतेने ताठ होणारी तार विचारा. तिच्यात २७, ३५ आणि ४० अंशांचे प्रकार येतात, कारण ती तोंडातल्या उबेला जागी व्हावी अशी बनवलेली असते. शेवटचा प्रकार आपल्या कामाचा.

मिश्रधातूतलं निकेल टक्क्याच्या दहाव्या भागाने कमी-जास्त झालं तरी हे तापमान दहा किंवा त्याहून जास्त अंशांनी सरकतं. म्हणून छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः मोजा. मोजायची रीत अशी:

बर्फाच्या पाण्यात तार पाच मिनिटं ठेवा. पाण्यातच ती पेनाभोवती वाकवा. किती वाकवायचं याचा हिशोब सोपा आहे: तारेची जाडी भागिले (पेनाचा व्यास अधिक तारेची जाडी). अर्धा मिलिमीटर तार आणि १२ मिलिमीटरचं पेन असेल तर ०.५ भागिले १२.५, म्हणजे ४ टक्के ताण. ६ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. साधारण ८ टक्क्यांच्या पलीकडे तार पूर्ण परतत नाही, तिची काही वळणं कायमची राहतात.

वाकलेल्या तारेचं एक टोक कोनमापकाच्या मध्यावर चिकटवा, सगळं काचेच्या पसरट भांड्यात ठेवा आणि त्यात थर्मामीटर तारेला जवळजवळ टेकवून बसवा. आता थोडं थोडं गरम पाणी ओतत, सतत ढवळत, दर दोन अंशांना कोन लिहा. घाई करू नका. पाणी ढवळलं नाही तर वरचा थर आणि तळ यांत सहज पाच अंशांचा फरक पडतो आणि सगळे आकडे वाया जातात.

मे महिन्यात हा प्रयोग करायची वेगळीच मजा आहे. वेगवेगळ्या तापमानांचं पाणी घरात तयारच असतं: फ्रिजचं, माठाचं, कूलरच्या टाकीतलं, सकाळच्या नळाचं आणि दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं, हात पोळवणारं. प्रत्येकाचं तापमान मोजून वाकलेली तार क्रमाने एकातून दुसऱ्यात टाका. माठाच्या पाण्यात ती निवांत पडून राहते. टाकीच्या पाण्याखाली धरली की बोटांतच उलगडते. विस्तव नाही, वीज नाही, नुसत्या नळाखाली धातूची रचना बदलताना पाहणं हा अनुभव मी शाळेतल्या मुलांना दिलाय. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यांवर जे दिसतं, त्याच्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. पहिली तार लवकर सरळ व्हावी म्हणून मी ती थेट गॅसच्या ज्योतीवर धरली. ती सरळ झाली, पण ज्योतीत लाल झालेला भाग नंतर कधी नीट परतला नाही. कारण ५०० अंशांच्या आसपास तार नवीन आकार 'शिकते'. कारखान्यात आकार द्यायचा तो असाच देतात: तार साच्यावर घट्ट बांधून ५०० ते ५५० अंशांना दहा-पंधरा मिनिटं भट्टीत ठेवतात आणि पाण्यात गार करतात. ज्योतीत ना तापमान कळतं ना वेळ. नवा आकार द्यायचा असेल तर कॉलेजच्या मफल भट्टीत (तापमान ठरवता येणाऱ्या बंद भट्टीत), शिक्षकांसमोर द्या.

पायरी ४ : जातानाचं आणि येतानाचं

इथवर तुम्ही फक्त तापतानाचे आकडे घेतलेत. नवखी मंडळी इथेच थांबतात आणि अर्धी गोष्ट हातची जाते. तार गार होताना कोणत्या तापमानाला बदलते?

सरळ झालेली तार नुसती गार केली तर काहीच दिसणार नाही. कारण वर आलंय, कलणारे भाग एकमेकांना सांभाळून घेतात. त्यांना एका बाजूला ओढणारं वजन हवं. म्हणून निटिनॉलची तयार स्प्रिंग घ्या, ती उभ्या उंच काचेच्या भांड्यात टांगा आणि खाली छोटं वजन लावा. गार पाण्यात स्प्रिंग साधारण दुप्पट लांब व्हावी आणि गरम पाण्यात वजन उचललं जावं, एवढंच वजन. शेजारी पट्टी उभी करा. १५ अंशांपासून ६५ पर्यंत तापवत जा, दर दोन अंशांना लांबी लिहा. मग बर्फाचे खडे टाकत तसंच खाली या.

आलेखाच्या कागदावर आडवं तापमान, उभी लांबी. जाण्याची रेघ आणि येण्याची रेघ एकमेकींवर पडत नाहीत. मधे एक फट राहते, आणि साध्या निटिनॉलमध्ये ती बरेचदा २० ते ३० अंशांची असते. या फटीला हिस्टेरेसिस म्हणतात. ४५ ला सरळ झालेली तार ४० ला वाकायला तयार होत नाही. तिला आणखी बरंच खाली न्यावं लागतं. म्हणजे '३० अंशांना या तारेची रचना कोणती?' हा प्रश्नच अपुरा आहे. ती ३० वर वरून आली की खालून, ते सांगावं लागतं. फेज बदलाच्या अभ्यासात मला सगळ्यांत जास्त गुंतवून ठेवणारी गोष्ट हीच आहे, आणि वहीत तापमानाशेजारी 'जाताना' किंवा 'येताना' लिहिलं नसेल तर तो आकडा खोडून टाका असं मी मुलांना सांगतो.

आलेखावर चार वळणं शोधा: तापताना बदल सुरू होतो ते आणि संपतो ते, गार होताना सुरू होतो ते आणि संपतो ते. दोन सरळ भागांच्या रेघा वाढवून त्या जिथे छेदतात तो बिंदू घ्या, नुसत्या नजरेने ठरवू नका. वजन दुप्पट करून सगळं पुन्हा करा. चारही तापमानं वर सरकलेली दिसतील, कारण ताण मार्टेनसाइटला मदत करतो. डब्याच्या काठाला चुंबक लागलं ते याच मदतीने.

मल्टीमीटर असेल तर आणखी एक मोजमाप करा. ०.२ मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचा रोध साधारण २५ ओहम भरतो. तार सैल गुंडाळून, वेढे एकमेकांना लागू न देता, पाण्यात बुडवा आणि तापमानाबरोबर रोध लिहा. बदलाच्या टप्प्यात रेघ सरळ न जाता वळते. काही तारांमध्ये गार होताना रोध आधी चढतो आणि मग उतरतो. तसं दिसलं तर आनंद माना: घन आणि पूर्ण कललेली मांडणी यांच्या मधे 'आर' नावाचं तिसरं रूप आहे आणि ते तुम्हाला सापडलंय.

घडू शकतं आणि घडतं, यांतलं अंतर

पांढरं कथील १३.२ अंशांच्या खाली राखाडी रूपात जायला हवं. तसं झालं तर ते सुमारे २७ टक्के फुगतं आणि भुकटी होतं. मग नागपूरच्या हिवाळ्यात आपल्या घरातली कल्हई आणि डाग का भुकटी होत नाही? कारण १३.२ ला बदलाला परवानगी मिळते, बदल घडत नाही. नवीन रूपाचा पहिला कण जन्मायला फार कष्ट पडतात, त्यासाठी शून्याच्या बऱ्याच खाली दीर्घ काळ राहावं लागतं, आणि शिसं किंवा अँटिमनी थोडं जरी मिसळलेलं असलं तरी बदल अडतो. पुस्तकातलं तापमान आणि प्रयोगातलं तापमान जुळलं नाही की आधी हे आठवा.

नागपूरचा स्वतःचा धातू

मॅंगनीज आपल्या जिल्ह्यातून निघतं. मनसर, कांद्री, गुमगाव या खाणींची नावं आपण ऐकलेली असतात, आणि मॅंगनीजचं उत्पादन करणाऱ्या 'मॉइल'चं मुख्यालय नागपुरातच आहे. पण शुद्ध मॅंगनीज रचनेच्या बाबतीत किती विलक्षण आहे, हे इथल्याही फार थोड्यांना माहीत असतं. तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या एका एकक घनात चार अणू मोजले जातात. अल्फा मॅंगनीजच्या एककात ५८ अणू असतात. सुमारे ७०० अंशांच्या पुढे ते बीटा रूपात जातं, तिथे २०. ११०० च्या आसपास गॅमा, मग डेल्टा आणि १२४६ ला वितळणं. एकाच मूलद्रव्याची चार रूपं. तुलनेला अ‍ॅल्युमिनियम घ्या: सामान्य दाबाला ते ६६० अंशांना वितळेपर्यंत एकाच मांडणीत राहतं. वाडीला अ‍ॅल्युमिनियमवर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्र आहे आणि मनसरला मॅंगनीजची खाण. रचनेच्या दृष्टीने सर्वांत शांत आणि सर्वांत गुंतागुंतीच्या धातूंपैकी दोन आपल्या एका शहराच्या दोन बाजूंना आहेत.

हेच मॅंगनीज पोलादात घातलं की ते गॅमा रूप टिकवतं. १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफील्ड यांनी सुमारे १२ टक्के मॅंगनीज असलेलं पोलाद शोधलं. ते चुंबकीय नसतं आणि ठोकलं की वरून कठीण होत जातं, म्हणून रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना ओलांडतात तिथले ओतीव तुकडे आणि दगड फोडणाऱ्या क्रशरचे जबडे त्याचे करतात. (पाहायचं तर क्रशरचा झिजून काढलेला जबडा भंगारवाल्याकडे पाहा. रुळांवर उतरू नका.) निओडिमियमची चकती त्याला लावा, लागणार नाही. ठोकून कठीण झाला म्हणजे यातही मार्टेनसाइट झालं असेल, असं वाटतं. पुष्कळ काळ तसंच मानलं जाई. पण इथे मुख्यतः स्फटिकांत जुळे थर (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे) तयार होतात, रूप ऑस्टेनाइटच राहतं. डब्याच्या काठाशी ही तुलना करून बघा: ताण दोघांवर पडला, एकाची रचना बदलली, दुसऱ्याची नाही, आणि तुमच्या दोऱ्याला लटकलेल्या चकतीने तो फरक सांगितला.

पायरी ५ : प्रयोगशाळेच्या दारात

घरची वही भरली की पुढचं पाऊल प्रयोगशाळा. नागपूरच्या व्हीएनआयटीमध्ये (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) धातू आणि पदार्थ अभियांत्रिकीचा विभाग आहे. स्वतःच्या कॉलेजच्या शिक्षकांमार्फत, पत्र घेऊन, आधी वेळ ठरवून अशा ठिकाणी जावं. मोकळ्या हाताने जाऊ नका, आलेख घेऊन जा. "निटिनॉल दाखवता का?" आणि "माझ्या तारेत गार होताना रोध आधी चढतो, हे 'आर' रूप आहे का ते तपासायचंय" या दोन प्रश्नांना मिळणारी उत्तरं वेगळी असतात.

दोन मोजमापांची नावं माहीत असू द्या. एक डीएससी: तारेचा २०-३० मिलिग्रॅमचा तुकडा ठरावीक वेगाने तापवून आणि गार करून तो किती उष्णता घेतो-देतो ते मोजतात. आलेखावर तापताना एक खळगा आणि गार होताना एक उंचवटा येतो (यंत्रानुसार उलटही दाखवतात), आणि तुमची चार तापमानं त्यांच्या सुरुवाती-शेवटांतून निघतात. तुकडा कापताना तो चिरडला तर त्याच्या टोकांत ताण राहतो आणि शिखरं पसरट होतात, म्हणून हळू चालणाऱ्या बारीक करवतीने कापून घ्या. दुसरं क्ष-किरण विवर्तन: अणूंच्या थरांवरून किरण कोणत्या कोनांना जोरात परततात ते मोजतात, आणि आलेखावर तिथे शिखरं येतात. रचना खरंच बदलली का, याचा हा थेट पुरावा. घनाच्या मांडणीची थोडी, ठळक शिखरं गार झाल्यावर अनेक शिखरांत फुटलेली दिसतात, कारण घन कलल्यावर पूर्वी सारखी असलेली अंतरं आता सारखी राहत नाहीत. बीटा लोखंडाचा गैरसमज याच किरणांनी दूर केला.

डीएससीचे आकडे तुमच्या स्प्रिंगच्या आकड्यांशी जुळणार नाहीत. जुळायलाही नकोत, कारण तुमच्या स्प्रिंगवर वजन होतं आणि त्या तुकड्यावर नव्हतं. वजन एकदा साधं आणि एकदा दुप्पट करून घेतलेल्या तुमच्या दोन आलेखांवरून रेघ मागे ओढत शून्य वजनापर्यंत न्या. तिथे येणारं तापमान डीएससीच्या जवळ आलं, तर तुमचा थर्मामीटर, तुमचं ढवळणं आणि तुमची वही, तिन्ही बरोबर होती.

तार सांभाळून ठेवा. डिसेंबरच्या एखाद्या पहाटे, गच्चीवरच्या टाकीचं पाणी बोटं बधिर करेल इतकं गार असेल तेव्हा, ती त्या नळाखाली धरा, हलकेच वाकवा आणि मे महिन्यातल्या आकड्यांशेजारच्या रकान्यात तापमान लिहा. समोर 'येताना' लिहायला विसरू नका.